प्रेमचंद रायचंद आणि खानदेशचा कापूस

मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर पाहताना कुणाला जळगाव-धुळे आठवण्याचे कारण नाही. मला मात्र आठवते. तो मनोरा ज्या पैशातून उभा राहिला, तो कापसाच्या तेजीतला पैसा होता आणि त्या तेजीत आपल्या काळ्या मातीचाही वाटा होता. पैसा देणारे होते प्रेमचंद रायचंद. त्यांचे चरित्र म्हणजे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवल्या जाणाऱ्या एका धड्याचेच चरित्र आहे. तो धडा मागणी आणि पुरवठ्याच्या लवचीकतेचा.

प्रेमचंदांचा जन्म 1831 चा, सुरतेच्या जैन घराण्यातला. वडील व्यापारासाठी मुंबईत आले आणि मुलगा इंग्रजी शिकला. त्या काळी दलालीच्या धंद्यात उत्तम इंग्रजी येणारा देशी माणूस विरळाच. ऐन पंचविशीतच त्यांचे नाव बाजारात झाले. विलायतेहून येणाऱ्या बोटी बंदराला लागण्याआधीच लिव्हरपूलचा भाव हाती यावा म्हणून ते समुद्रात होड्या पाठवत, असे सांगतात. भाव आधी कळणे हेच त्यांचे खरे भांडवल होते.

लवचीकता म्हणजे काय? भाव बदलला की मागणी किंवा पुरवठा किती हलतो, त्याचे माप. मीठ दुप्पट महागले म्हणून आपण भाजीत निम्मे घालत नाही. मिठाची मागणी ताठर. रावेर-यावलकडची केळी घ्या. घड कापणीला आला की भाव पडला म्हणून तो झाडावर ठेवता येत नाही आणि भाव चढला म्हणून उद्या दुप्पट घड काढता येत नाहीत. त्या दिवसापुरता पुरवठा ताठर. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1890 च्या आपल्या ग्रंथात या कल्पनेला नेटके रूप दिले. प्रेमचंद त्याच कल्पनेवर पंचवीस वर्षे आधी चढले होते आणि पडलेही होते.

1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. बंदरांची नाकेबंदी झाली आणि तो आटला. गिरणीला कापसावाचून गत्यंतर नाही, म्हणजे मागणी ताठर. इकडे कापूस वर्षातून एकदाच पिकतो, म्हणजे पुरवठाही ताठर. दोन्ही बाजू ताठर असल्या की बिचाऱ्या भावालाच हलावे लागते. मुंबईत खंडीचा भाव काही वर्षांत चौपटीच्या घरात गेला. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी तेव्हाच्या आहेत. नेहमीच्या भावाने मिळाले असते त्याहून सुमारे 8 कोटी पौंड जास्त मुंबईत आले, असा एक अंदाज सांगितला जातो.

खानदेशात काय झाले? रेल्वेचे रूळ इकडे आले होते, पण थळ घाटाचा टप्पा 1865 च्या आरंभी खुला झाला. तोवर मालाला घाट बैलगाडीने उतरावा लागे. तरी जळगाव या काळात कापसाची मोठी पेठ झाले. शेतकऱ्याने पुढच्या हंगामात जास्त रानात कापूस पेरला. पुरवठा हळूहळू लवचीक होऊ लागला तो असा, एकेका पेरणीने.

मुंबईतला पैसा मात्र पेरणीची वाट पाहत नव्हता. बेटावर जमीन थोडी, तिचा पुरवठा सर्वांत ताठर. म्हणून समुद्र हटवून जमीन करण्यासाठी बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर कितीतरी पटींनी विकला जाऊ लागला. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर्सच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली आणि प्रेमचंदांच्या शब्दावर तिची तिजोरी उघडू लागली. मी जळगाव-धुळे भागातल्या शाखांमध्ये वर्षानुवर्षे कर्जाची प्रकरणे तपासली आहेत. तारणाची किंमत तेजीच्या भावाने लावली की तारण उरतच नाही. उरतो तो निव्वळ भाव.

1865 च्या वसंतात युद्ध संपले. गिरण्यांना आखूड धाग्याचा हिंदी कापूस मनापासून कधीच नको होता; पर्याय परत येताच ताठर मागणी लवचीक झाली. वायदे पुरे करण्याचा दिवस होता 1 जुलै 1865. त्या दिवशी देणारा कुणी उरला नाही. 1866 मध्ये प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. 1868 मध्ये त्याच नावाची नवी बँक निघाली, 1921 मध्ये ती इंपीरियल बँकेत मिळाली आणि 1955 मध्ये इंपीरियलची स्टेट बँक झाली.

प्रेमचंद मात्र संपले नाहीत. ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी दोन-दोन लाख त्यांनी तेजीतच देऊ केले होते. मनोरा 1878 मध्ये पुरा झाला, त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. कलकत्ता विद्यापीठातली त्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही प्रसिद्ध आहे. 1875 मध्ये मुंबईच्या दलालांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतात. पुन्हा उभे राहून, प्रतिष्ठेने जगून, 1906 मध्ये ते गेले.

प्रेमचंद सावरले, मग जळगावची पेठ आणि तिच्यामागचा शेतकरी? युद्ध संपताच पेठेला मोठी झळ बसली. तेजीच्या भरवशावर घेतलेले कर्ज भाव उतरला म्हणून उतरत नाही. पुणे-नगरकडे 1875 मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांच्या कारणांत हेही एक होते.

2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी आपल्याकडच्या अनेकांनी त्याच आशेने कापूस घरात भरून ठेवला. भाव सात-आठ हजारांवर आला, आणि घरातला कापूस अंगाला खाज आणत राहिला. मला वाटते, लवचीकता म्हणजे शेवटी थांबण्याची ताकद. गोदाम, शीतगृह, माल तारण ठेवून मिळणारे स्वस्त कर्ज आणि वेळेवर कळलेला भाव यांनी ती येते. प्रेमचंदांकडे होड्या होत्या. शेतकऱ्याच्या मोबाईलवर आज भाव क्षणात येतो. पण बँकेचा हप्ता, लेकीचे लग्न आणि पुढचे बियाणे समोर असताना त्या भावाला नाही म्हणण्याची सोय त्याच्याकडे अजून नाही.