होमाईबाई व्यारावाला

ठाणे, कल्याण, डोंबिवली या गावांतील जुन्या घरांच्या ओटीवर किंवा माजघरात पूर्वजांची छायाचित्रे टांगलेली असत. काही घरांत ती अद्यापि आढळतात. पागोटे घातलेले आजोबा खुर्चीवर ताठ बसले आहेत, शेजारी नऊवारी लुगडे नेसलेल्या आजी उभ्या आहेत, दोघांची दृष्टी एकाच जागी खिळली आहे आणि मुद्रेवर हसू म्हणून नाही. हे आजी-आजोबा स्वभावाने असे कठोर होते असे मात्र कोणी समजू नये. त्या काळी छायाचित्र काढवून घेणे हा एक सोहळाच असे. छायाचित्रकार माणसांना आपल्या दालनात नेऊन बसवी, मान सरळ करावयास सांगे, मुळीच हलू नका म्हणून बजावी आणि मग चित्र घेई. अशा चित्रात माणसाचा चेहरा उमटे; पण तोच माणूस बोलताना, रागावताना किंवा खळखळून हसताना कसा दिसे, हे त्यावरून कळत नसे.

पुढे कॅमेरे लहान झाले, अल्प प्रकाशातही चित्र घेऊ शकतील अशी भिंगे निघाली आणि माणसांचे सहज रूप त्यांच्या नकळत टिपण्याची कला उदयास आली. युरोपात एरिक सॉलोमन, आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांसारख्यांनी ही कला नावारूपाला आणली. आपल्या देशात ज्यांनी ती आपलीशी केली, त्यांत होमाईबाई व्यारावाला यांचे स्थान फार वरचे आहे. वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात.

होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. नाटक मंडळीचा मुक्काम आज या गावी तर उद्या त्या गावी; त्यामुळे होमाईबाईंचे बालपण प्रवासातच गेले. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब मुंबईस स्थिरावले. घरची स्थिती बेताची होती. तरी होमाईबाईंनी शिक्षण सोडले नाही. मॅट्रिकच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढे त्यांनी सेंट झेवियर महाविद्यालयात अर्थशास्त्राचा आणि सर ज. जी. कलाशाळेत चित्रकलेचा अभ्यास केला. चित्राची चौकट कशी साधावी, प्रकाश आणि छाया यांचा मेळ कसा घालावा, ही दृष्टी त्यांना कलाशाळेत लाभली, असे म्हणावयास हरकत नाही.

कॅमेऱ्याशी त्यांची ओळख करून दिली ती माणेकशा व्यारावाला यांनी. माणेकशा हे टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्राच्या कार्यालयात हिशेबनीस होते आणि छायाचित्रणाचा त्यांना मोठा नाद होता. होमाईबाई तेरा वर्षांच्या असताना या दोघांची ओळख झाली आणि पुढे त्यांचा विवाह झाला. चित्र कसे घ्यावे, काळोख्या खोलीत फिल्म कशी धुवावी, कागदावर ठसा कसा उमटवावा, हे सारे होमाईबाई त्यांच्याकडून शिकल्या. विद्यार्थिदशेतच त्यांनी मुलींच्या एका सहलीची छायाचित्रे काढली. ती बॉम्बे क्रॉनिकल या वृत्तपत्राने छापली आणि प्रत्येक चित्रास एक रुपया दिला. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण स्वतःच्या कलेवर मिळालेला पहिला रुपया कोणास क्षुल्लक वाटतो?

मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे, कामावर जाणाऱ्या स्त्रिया, कलाशाळेतील मैत्रिणी यांची त्यांनी काढलेली चित्रे इलस्ट्रेटेड वीकली या साप्ताहिकात येऊ लागली. परंतु त्यांखाली नाव असे ते माणेकशांचे. स्त्रीने हा व्यवसाय करावा, ही कल्पनाच त्या वेळी लोकांना नवीन होती आणि होमाईबाई तर सर्वस्वी अपरिचित होत्या. एवढ्यावरून माणेकशांना दोष देणे मात्र योग्य होणार नाही. पत्नीला कॅमेरा शिकविणारे, तिच्याबरोबर काळोख्या खोलीत तासन्‌तास उभे राहणारे पती त्या काळी किती असतील!

इ. स. १९४२ मध्ये दुसरे महायुद्ध चालू असता हे दांपत्य ब्रिटिश माहिती खात्यात काम करण्यासाठी दिल्लीस गेले. पुढील सुमारे तीस वर्षे दिल्ली हीच होमाईबाईंची कर्मभूमी झाली. पाचवारी साडी नेसून, अवजड कॅमेरे घेऊन सायकलवरून त्या राजधानीत सर्वत्र जात. छायाचित्रकारांच्या मेळाव्यात त्या बहुधा एकट्याच स्त्री असत. प्रारंभी पुष्कळांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही. ही बाई हौसेखातर कॅमेरा घेऊन आली असावी, असे समजून लोक त्यांना सहज पुढे जाऊ देत. त्या गैरसमजाचा होमाईबाईंना पुष्कळच उपयोग झाला!

त्यांच्या आवडत्या कॅमेऱ्यांपैकी एक होता रोलीफ्लेक्स. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून परावर्तित होऊन कॅमेऱ्याच्या माथ्यावरील दुधी काचेवर पडते, आणि खालच्या भिंगातून चित्र फिल्मवर उमटते. म्हणून हा कॅमेरा डोळ्यांशी न धरता पोटाशी धरावयाचा आणि मान खाली घालून काचेत पाहावयाचे. कल्याणच्या गजबजलेल्या फलाटावर कोणी डोळ्याला कॅमेरा लावला तर भोवतालची माणसे तत्काळ सावध होतात. मान खाली घालून उभ्या राहिलेल्या व्यक्तीकडे मात्र कोणी वळूनही पाहत नाही. काचेवरील प्रतिमेत डावे ते उजवे आणि उजवे ते डावे दिसते, ही अडचण होतीच. शिवाय एका फिल्मवर बाराच चित्रे निघत. तेव्हा उगाच कळ दाबीत सुटणे परवडणारे नव्हते. योग्य क्षण येईपर्यंत थांबणे आणि तो येताच न चुकणे, हीच खरी कसोटी होती.

या कसोटीला उतरलेली त्यांची चित्रे म्हणजे आपल्या राष्ट्राच्या जन्मकाळाचा इतिहासच होय. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेस संमती देण्यासाठी नेत्यांचे हात वर झाले, तो क्षण त्यांनी टिपला. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर प्रथम तिरंगा फडकला, तेव्हा त्या तेथे होत्या. पंडित जवाहरलाल नेहरू यांची तर त्यांनी असंख्य चित्रे घेतली. हातातील कबूतर आकाशात सोडणारे नेहरू पुष्कळांनी पाहिले असतील. मला स्वतःला त्याहून एक वेगळे चित्र अधिक मोलाचे वाटते. परदेशाहून येणाऱ्या आपल्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहत नेहरू विमानतळावर उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई असल्याची पाटी आहे! ती पाटी आणि पंतप्रधान या दोघांनाही होमाईबाईंनी एकाच चौकटीत बसविले. भगिनी येताच भावाने तिला मारलेली मिठीही त्यांनी टिपली. त्या मिठीत देशाचा पंतप्रधान दिसत नाही. बहिणीला भेटलेला भाऊ दिसतो.

परंतु सर्वांत मोठा क्षण त्यांच्या हातून निसटला. ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी महात्मा गांधींच्या प्रार्थनासभेचे चलच्चित्र घेण्यासाठी त्या बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या. माणेकशांनी त्यांना मागे बोलाविले. दुसऱ्या दिवशी दोघे मिळूनच जाऊ, असे ठरले. थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाल्याची वार्ता आली. कार्तिए-ब्रेसाँ हे त्याच दिवशी गांधीजींना भेटून गेले होते, आणि होमाईबाई मात्र अर्ध्या वाटेवरून परतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गांधीजींच्या अंत्ययात्रेची चित्रे घेतली. तथापि ते परत फिरणे त्यांच्या मनाला आयुष्यभर लागून राहिले. त्या तेथे असत्या तर त्यांनी काय केले असते? कळ दाबली असती, की कॅमेरा टाकून धावल्या असत्या? वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढणाऱ्याला हा प्रश्न केव्हा ना केव्हा भेटतोच, आणि त्याचे उत्तर घरी बसून देता येत नाही.

इ. स. १९५६ मध्ये दलाई लामा नथु ला खिंडीतून सिक्कीममध्ये आले, तेव्हा त्यांचे चित्र घेण्यासाठी होमाईबाई त्या दूरच्या पहाडी मुलखापर्यंत पोहोचल्या. हो चि मिन्ह, इंग्लंडची राणी एलिझाबेथ इत्यादी पाहुण्यांचीही चित्रे त्यांनी काढली. त्यांपैकी पुष्कळ चित्रांखाली डालडा १३ असे टोपणनाव असे. त्यामागील कथा गमतीची आहे. त्यांचा जन्म १९१३ सालचा, पतीची ओळख तेराव्या वर्षी झालेली, आणि त्यांच्या मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. १३! वनस्पती तुपाच्या डब्याचे नाव त्यांना असे मोटारीच्या पाटीवरून लाभले.

नेहरू १९६४ मध्ये निवर्तले. अंत्यसंस्काराची चित्रे घेताना आपले अश्रू सहकाऱ्यांना दिसू नयेत म्हणून होमाईबाईंनी तोंड फिरविले. त्यानंतर काळही बदलला. पूर्वी छायाचित्रकार नीटनेटका वेष करून येत, आपली पायरी ओळखून वागत आणि पाहुण्यास अवघडल्यासारखे होईल असे चित्र घेत नसत. आता धक्काबुक्की वाढली, संरक्षणाचे कडेही वाढले. १९६९ मध्ये माणेकशा वारले आणि पुढच्याच वर्षी होमाईबाईंनी हातातील कॅमेरा खाली ठेवला. तो पुन्हा व्यवसायासाठी उचलला नाही. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नही नव्हते. कलावंताने असे अचानक थांबावे हे आपल्याला रुचत नाही. पण आपल्या मर्यादेत जे बसत नाही ते करावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

त्यानंतर त्या पुत्रासमवेत प्रथम राजस्थानातील पिलानी येथे व १९८२ पासून बडोद्यास राहिल्या. १९८९ मध्ये पुत्रही गेला. मग त्या एकट्याच राहिल्या. सुतारकाम, नळाची दुरुस्ती, बागकाम ही सारी कामे त्या उतारवयातही स्वतःच्या हातांनी करीत. दरम्यान लोकांना त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. पुढे अभ्यासकांनी त्यांची चित्रे पुन्हा उजेडात आणली, त्यांच्यावर ग्रंथ निघाला, प्रदर्शने भरली. २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. १५ जानेवारी २०१२ रोजी वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी बडोद्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे जतन केलेला आहे.