बंदूक शिकायला घर सोडलेला वर्ध्याचा पोरगा मेक्सिकोत मक्याचा मास्तर कसा झाला?

दिवाळीच्या आगेमागे परळी वैजनाथच्या बाजारात गेलात तर सीताफळांच्या पाट्या दिसतात. बालाघाटच्या डोंगरातलं हे फळ म्हणजे बीड जिल्ह्याची ओळख. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. पण वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक सांगतात की हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातलं. एवढंच कशाला, आपल्या ठेच्यातली मिरची मेक्सिकोकडची आणि त्यात कुटलेले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. मका तिकडचा, बटाटा तिकडचा.

आता उलटा प्रवास बघा. पाठीवर बॅग टाकून माचू पिचू, अमेझॉन, इग्वासूचा धबधबा असं फिरणाऱ्या जोडप्यांचे रील्स आपण रोज बघतो. तिकीट, पासपोर्ट आणि सुट्टी जमली की लॅटिन अमेरिका गाठता येते.

पण १०० वर्षांपूर्वी एक मराठी माणूस त्या बाजूला पोचला तेव्हा त्याच्याकडे परतीचा रस्ताच नव्हता. इंग्रज सरकार त्याच्या मागावर होतं. तो दक्षिण अमेरिकेच्या अलीकडे, मेक्सिकोत थांबला. तिथल्या शेतकऱ्यांना त्याने शेती शिकवली, तिथेच लग्न केलं आणि तिथल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्याचं चित्रही रंगवलं गेलं.

त्या माणसाचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्याहून निघालेलं पोरगं

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. जन्म साधारण १८८४ चा. पुढचं शिक्षण नागपुरात झालं. ते शाळकरी वयात असताना मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने लागोपाठ दोन मोठे दुष्काळ बघितले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. गावंच्या गावं अन्नाला महाग झाली होती.

त्यात ते दिवस लोकमान्य टिळकांचे होते. इंग्रजांना घालवायचं तर अर्जविनंत्या करून भागणार नाही, असं तरुण पोरांना वाटायला लागलं होतं. खानखोजे त्यातलेच एक. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंग्रजांशी लढायचं तर लष्करी शिक्षण हवं आणि ते इंग्रजांच्या राज्यात मिळणार नाही. म्हणून देश सोडायचा.

१९०६ च्या सुमारास ते निघाले. आधी जपान, तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. हातात पैसे नव्हते. पडेल ते काम करायचं आणि शिकायचं, असा क्रम सुरू झाला.

कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस मिलिटरी ॲकॅडमीत त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं. दुसऱ्या बाजूला शेतीचं शिक्षणही चालू ठेवलं. ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात ते शिकले, वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून पदव्युत्तर पदवी घेतली. एकाच माणसाचा हा दुहेरी अभ्यास तेव्हा अनेकांना विचित्र वाटला असेल. पुढे आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडली ती मात्र शेतीच.

गदरचे दिवस

त्या वेळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबातून गेलेले हजारो मजूर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबत होते. त्यांच्यात मिसळून खानखोजेंनी संघटनेचं काम सुरू केलं. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ ही त्यातली मोठी नावं. 'गदर' म्हणजे बंड. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून याच नावाचं वर्तमानपत्र निघालं. खानखोजेंकडे पक्षाच्या लष्करी बाजूची जबाबदारी होती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रज युरोपात अडकलेत, आता घाव घालायचा, असं गदरवाल्यांनी ठरवलं. बरेच जण जहाजाने थेट हिंदुस्थानकडे निघाले. खानखोजेंनी पश्चिमेकडचा रस्ता धरला. आधी तुर्कस्तान, मग इराण आणि तिथून बलुचिस्तानची सीमा. जमिनीच्या वाटेने हिंदुस्थानात शिरायचं, असा तो बेत होता.

बेत फसला. वाळवंटात झालेल्या चकमकींत ते जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले आणि निसटले. नंतर इराणातल्या भटक्या टोळ्यांमध्ये वेश बदलून त्यांनी दिवस काढले. इकडे हिंदुस्थानात पोचलेल्या गदरवाल्यांपैकी कित्येकांना फाशी झाली, कित्येक काळ्या पाण्यावर गेले.

युद्ध संपलं तेव्हा खानखोजे जिवंत होते, पण घराचं दार बंद झालं होतं. ते जर्मनीत गेले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, स्वामी विवेकानंदांचे धाकटे भाऊ भूपेंद्रनाथ दत्त अशा क्रांतिकारकांसोबत ते मॉस्कोतही होते. तिथेही हिंदुस्थानच्या लढ्याला हवी तशी मदत हाती लागली नाही.

वय चाळिशीला आलेलं. ना पैसा, ना देश. अशा वेळी त्यांना आठवला मेक्सिको.

मेक्सिकोच का?

कॅलिफोर्नियात असताना खानखोजेंची मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झाली होती. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती सुरू झाली होती आणि तिचा गाभा होता जमिनीचा प्रश्न. 'हासिएंदा' नावाच्या प्रचंड जमीनदाऱ्या होत्या आणि त्यात पिढ्यानपिढ्या राबणारे भूमिहीन शेतकरी. एमिलियानो झापाता नावाचा शेतकऱ्यांचा पुढारी याच प्रश्नावर लढला आणि १९१९ मध्ये मारला गेला. १९१७ च्या राज्यघटनेने जमिनीच्या फेरवाटपाचा रस्ता मोकळा केला होता.

आता तिथे नवी अडचण उभी राहिली होती. जमीन मिळाली, पण पुढे काय? काल वेठबिगारी करणारा माणूस आज शेताचा मालक झाला होता. त्याच्याकडे चांगलं बी नव्हतं, औजारं नव्हती आणि सांगणारंही कोणी नव्हतं.

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोचले. जुन्या ओळखी कामाला आल्या आणि त्यांना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवण्याचं काम मिळालं. मेक्सिको सिटीपासून जवळच असलेलं चापिंगो हीसुद्धा एकेकाळी जमीनदाराची हासिएंदाच होती. क्रांतीनंतर तिथे शेतकऱ्यांच्या पोरांसाठी कॉलेज भरायला लागलं होतं.

खानखोजे स्पॅनिश शिकले आणि त्या भाषेत शिकवायला लागले.

झाडाखालची शाळा

पण कॉलेजात येणारी पोरं किती? खरी गरज होती ती गावात, जिथे अक्षरओळखही नसलेला शेतकरी होता. म्हणून खानखोजेंनी स्थानिक शेतकरी संघटनांच्या सोबतीने 'मुक्त कृषी शाळा' सुरू केल्या. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. शेतकऱ्याने आपल्याच शेतात, आपल्याच मातीत शिकायचं. बियाणं कसं निवडायचं, रोग कसा ओळखायचा, कमी पाण्यात पीक कसं काढायचं, असे तिथले विषय.

आज आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शेतीशाळा भरतात. परळीसारख्या कोरडवाहू तालुक्यातल्या शेतकऱ्याला या कल्पनेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पाऊस बेभरवशाचा असला की बी कोणतं टाकलं यावर अख्खं वर्ष ठरतं. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातही तेच होतं. फक्त तिथे ज्वारी-बाजरीच्या जागी मका होता.

गवतातून आलेलं कणीस

मेक्सिकोला गेलेला पर्यटक पिरॅमिड बघतो, ज्वालामुखी बघतो. खानखोजेंना तिथलं सगळ्यात मोठं आश्चर्य एका रानगवतात दिसलं. त्याचं नाव तेओसिंते.

हे गवत बांधावर, माळावर आपोआप उगवतं. त्याला येणारं कणीस बोटाएवढं आणि त्यात डझनभरसुद्धा नसतील असे टणक दाणे. मक्याशी त्याचं काही नातं असेल असं बघून वाटत नाही. पण मका आला तो याच गवतातून. मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी चांगले दाणे निवडून पेरायला सुरुवात केली. पिढ्यानपिढ्या निवड होत गेली आणि भरगच्च दाण्यांचं कणीस तयार झालं.

आज हे जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झालंय. खानखोजेंच्या काळात मात्र मक्याचा पूर्वज कोण, यावर शास्त्रज्ञांमध्ये जोरदार वाद होता. त्या काळात त्यांनी मका आणि तेओसिंते यांचे संकर करून बघितले. रानगवताचा काटकपणा मक्यात उतरवता येईल का, हा त्यामागचा विचार होता. मक्याच्या वेगवेगळ्या वाणांवर आणि गव्हावरही त्यांनी काम केलं.

या कामाची छायाचित्रं काढली टीना मोदोत्ती या जन्माने इटालियन असलेल्या छायाचित्रकार बाईंनी. त्यांची गणना आज जगातल्या नावाजलेल्या छायाचित्रकारांमध्ये होते.

दिएगो रिव्हेराच्या भिंतीवर

मेक्सिकोचा सगळ्यात गाजलेला चित्रकार दिएगो रिव्हेरा खानखोजेंच्या ओळखीचा होता. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात भिंतीच्या भिंती चित्रांनी भरल्या. त्यातल्या एका चित्राचं नाव आहे 'आमची भाकरी'.

एका टेबलाभोवती वेगवेगळ्या रंगारूपाची माणसं बसलीत. मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई उभी आहे. टेबलाच्या टोकाला, घरातला कर्ता माणूस बसतो त्या जागी बसून एक सावळा माणूस भाकरीचे तुकडे करतोय.

तो माणूस म्हणजे खानखोजे.

शस्त्र शिकायला घर सोडलेल्या माणसाला त्याच्या नव्या देशाने भिंतीवर रंगवलं, ते भाकरी वाटताना.

जान आली, घर झालं

वयाची पन्नाशी उलटेपर्यंत खानखोजे एकटेच होते. तीस वर्षांत त्यांनी इतके देश बदलले होते की संसार मांडायला जागाच नव्हती. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं.

विचार करा. नवरा वर्ध्याचा, मायदेशाचं दार बंद झालेला. बायको युरोपातली. संसार मेक्सिकोत. घरात दोन मुली झाल्या. थोरलीचं नाव ठेवलं सावित्री, धाकटीचं माया. ज्या देशात बापाला पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या देशाची नावं.

याच थोरल्या मुलीने, सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याचं नाव 'आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन', म्हणजे मी कधीही माफी मागणार नाही. खानखोजे इतकी वर्षं परत का आले नाहीत, त्याचं उत्तर या नावातच आहे.

स्वतंत्र देशाच्या दारात अडवलं

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं ते झालं होतं. १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांताच्या सरकारने शेतीबाबत सल्ला देण्यासाठी खानखोजेंना बोलावलं. घर सोडून ४० वर्षं उलटून गेली होती.

ते भारतात उतरले आणि त्यांना विमानतळावरच अडवण्यात आलं. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं. इंग्रज गेले होते, पण ती यादी कोणी बदललीच नव्हती. स्वातंत्र्यासाठी लढला म्हणून ज्याचं नाव यादीत गेलं, त्याला स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्यांनी तीच यादी दाखवून थांबवलं. शेवटी वरून सूत्रं हलली आणि त्यांना आत येता आलं.

पुढे १९५० च्या दशकात खानखोजे कायमचे परतले आणि नागपुरात राहिले. तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. जान यांच्यासाठी मात्र हे परतणं नव्हतं, तो आणखी एक नवा देश होता. नवऱ्याने देशासाठी घर सोडल्याची गोष्ट आपण सांगतो. त्याला त्याच्या घरी परत येता यावं म्हणून या बाईंनी आपलं मांडलेलं घर मोडलं, हे सांगायचं राहून जातं.

२२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात खानखोजेंचं निधन झालं.

जाता जाता एक योगायोग

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, दुष्काळाने टेकीला आलेल्या भारताने परदेशातून तब्बल १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. बुटक्या जातीच्या याच गव्हाने आपल्याकडे हरितक्रांती सुरू केली. ते बियाणं आलं मेक्सिकोतून. नॉर्मन बोरलॉग यांनी ते वाण तिथे तयार केले होते आणि ज्या संशोधन कार्यक्रमातून ते निघाले, त्याचं एक प्रमुख ठिकाण होतं चापिंगो.

खानखोजेंचा त्या गव्हाशी थेट संबंध नाही. पण मेक्सिकोच्या मातीत तयार झालेलं बी कोरडवाहू शेतकऱ्याचं पोट भरू शकतं, हे एक मराठी माणूस त्याच चापिंगोत ४० वर्षं आधी ओळखून होता.

चापिंगोच्या विद्यापीठाने त्यांना विसरू दिलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे खानखोजेंचा पुतळा बसवण्यात आला आणि लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

तेव्हा लॅटिन अमेरिकेची बॅग भरणार असाल तर यादीत मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयाची इमारत जरूर टाका. त्या भिंतीपुढे रोज जगभरातले पर्यटक उभे राहून फोटो काढतात. टेबलाच्या टोकाला भाकरी मोडणारा तो माणूस वर्ध्याचा आहे, हे शेजारी उभ्या असलेल्याला सांगायला एक तरी मराठी माणूस तिथे असायला हवा.