रविवारच्या सुट्टीमागचा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सकाळी आपल्या बहुतेक विहारांत सामूहिक वंदना होते. पांढरे कपडे घालून मुले येतात, एखादे व्याख्यान होते, मग वस्तीच्या प्रश्नांवर बैठक बसते. महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तो 20 मार्च 1927 रविवार होता. नागपूरला धम्मदीक्षा झाली तो 14 ऑक्टोबर 1956 हाही रविवारच. कष्टकऱ्यांच्या चळवळीला हा वार मोकळा मिळाला तो कोणामुळे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येते. सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी दिली, असे म्हणून आपण मोकळे होतो. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे असेल. गिरणी कामगाराला ती कोणी आपणहून दिलेली नाही.

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत तारदेवला वाफेवर चाते फिरू लागले. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळीच्या आकाशात चिमण्याच चिमण्या दिसू लागल्या. नव्या यंत्राने किती कापड निघाले याचे हिशेब पुस्तकांत सापडतात. त्या यंत्राने माणसाचा दिवस कसा ताब्यात घेतला, हे कमी लिहिले गेले. घरच्या मागावर बसणारा विणकर गरीब असला तरी कधी उठायचे आणि कधी थांबायचे हे त्याच्या हातात होते. गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. म्हणजे हिवाळ्यात अकरा-बारा तास आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा. आठवड्याची सुट्टी नाही. सणाला गिरणी बंद राहिली तरी यंत्रे पुसायला बोलावणे यायचे. पगार महिना उलटून गेल्यावर, मालकाच्या सोयीने. 1881 साली पहिला कारखाना कायदा आला, पण तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांच्या आतल्या मुलाला कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढीच त्याची मुख्य झेप. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते.

नारायणराव लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, माळी समाजातले. शिक्षण बेताचे झाले. टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. म्हणजे कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांसमोर पाहिले होते. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याचे मुंबईतील काम लोखंडे यांनी उचलले. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र बंद पडले होते. ते त्यांनी 1880 पासून मुंबईतून पुन्हा चालवले. शेतकऱ्यांची आणि कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली.

गुरुशिष्यांत सगळे गोड होते असे मात्र नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’चे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधु’त आले, पुढचे लोखंडे यांनी छापले नाहीत. जोतीरावांचा आसूड सरकारवरही चालत होता आणि पत्र बंद पडण्याची भीती संपादकाला वाटली असावी. जोतीराव चिडले आणि त्यांनी तो राग लेखी मांडला. आमच्या मते राग रास्त होता. तरीही पुढे कामगारांच्या प्रश्नावर दोघे एकत्र दिसतात, हे आजच्या गटातटांत वाटल्या गेलेल्या कार्यकर्त्यांनी पाहण्यासारखे आहे.

सप्टेंबर 1884 मध्ये लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. मागण्या अशा होत्या : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. बहुतेक सह्या करणाऱ्यांना अक्षरओळख नसणार. तरीही आपल्या जगण्याबद्दल आपणच लेखी बोलायचे, ही गोष्ट त्यांच्यासाठी नवीन होती.

इथे एक पेच होता आणि तो समजून घ्यायला हवा. भारतात कारखाना कायदा व्हावा म्हणून इंग्लंडात सगळ्यात जास्त ओरड मँचेस्टरचे कापडवाले करत होते. त्यांना इथल्या मजुराचा कळवळा नव्हता, मुंबईचे स्वस्त सूत त्यांना डाचत होते. त्यामुळे देशी उद्योगाचे रक्षण म्हणून आपली बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रे कायद्याच्या विरोधात उभी राहिली. मालक देशी असला की मजुराने गप्प बसावे, असाच त्याचा अर्थ झाला. लोखंडे यांनी तो मानला नाही. परक्याचा स्वार्थ त्यांना दिसत नव्हता असे नाही, पण त्यासाठी आपल्या माणसाने चौदा तास राबावे हा न्याय त्यांना पटला नाही.

सरकारने अर्ज बाजूला ठेवला. लोखंडे सभा घेत राहिले. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. शेवटी 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना सामील करून घेण्यात आले. 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभर लागू झाली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांना मात्र हात लागला नाही.

1890 मध्येच लोखंडे यांनी मुंबईत न्हावी बांधवांची सभा भरवली. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा ठराव तिथे झाला. विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरवावा असे शास्त्र सांगत होते, पण वस्तरा धरणारा हात कष्टकऱ्याचा होता. त्याने काम करायचे नाकारले की शास्त्र अडते. संपाचे हत्यार पगारासाठी वापरलेले आपण खूप पाहिले आहे. रूढी मोडायला ते वापरल्याचे असे उदाहरण दुर्मीळ.

1893 च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर दोन्ही समाजांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत सभा घेतली. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा रुग्णालय सुरू केले आणि तिथेच राबले. 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच ते गेले. महिनाभराने, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीमाईही गेल्या.

त्यांच्या संघटनेकडे सभासदांची नोंद, निधी, नियम यातले काहीच नव्हते. सगळा भार एका माणसावर होता, म्हणून त्यांच्या पश्चात ती टिकली नाही. दुसरी गोष्ट आपल्याला जास्त लागणारी. गिरणीत बरा पगार साचेखात्यात मिळायचा आणि तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धाग्याला तोंड लावावे लागते, विटाळ होईल, असे कारण सवर्ण कामगार देत. यंत्र विलायतेहून आले, विटाळ गावाकडून आला, आणि दोघे एकाच खात्यात नांदले. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा तो त्यांना अडचणीचा वाटला. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. लोखंडे यांच्या अर्जापासून तिथवर यायला बासष्ट वर्षे लागली.

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जेवण आणि सामान पोचवतात. नवे यंत्र आता खिशात मावते, पण दिवस पुन्हा त्याच्याच ताब्यात आहे. रविवारी ऑर्डर जास्त असतात, म्हणून विहारातल्या वंदनेला ही मुले दिसत नाहीत. साप्ताहिक सुट्टीचा कायदा कामगाराला लागू होतो, आणि कंपन्या त्यांना कामगार न म्हणता भागीदार म्हणतात.