माणसांची पारख

औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलविला, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल तुटपुंजे होते. माणसांवरील विश्वास मात्र अमाप होता. शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांना त्यांनी अभियंता म्हणून वाव दिला. कारकून म्हणून आलेल्या मंगेशराव रेगे यांच्यावर हिशेबाची सारी भिस्त ठेविली. शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हाती तर त्यांनी वसाहतीचा रात्रपहारा सोपविला! अस्पृश्यतेला किर्लोस्करवाडीत थारा नव्हता. लोखंडी नांगर घरोघरी पोचविणारा हा उद्योजक १९५६ साली निवर्तला. कामगारांवरच पहारा बसविणाऱ्या आजच्या व्यवस्थापकांनी वाडीच्या त्या पहारेकऱ्यांचे स्मरण ठेवावे.