एकशे एक वर्षांचे कर्ज

जुन्या लोहमार्गांचा नाद मला उतारवयात लागला, आणि तो लावला कालाकुंडच्या स्थानकाने. महूहून निघालेली मीटर गेज गाडी पाताळपाणी सोडले की चाळीस फुटांस एक फूट अशा उताराने विंध्याचा घाट उतरे. बोगदे आणि दरीवरचे पूल ओलांडले म्हणजे कालाकुंड येई. घाट चढणाऱ्या गाडीला येथे जादा इंजिन जोडीत. तेवढ्यात उतारू पानात बांधलेला कलाकंद घेऊन येत. असा अवघड मार्ग माळव्यात आणला कोणी, हे शोधता शोधता मी श्रीमंत तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या चरित्रापाशी पोहोचलो.

तुकोजीरावांचा जन्म १८३५ चा. १८४४ मध्ये, नवव्या वर्षी, ते दत्तक म्हणून गादीवर आले आणि १८५२ मध्ये त्यांना पूर्ण अखत्यार मिळाला. पाचच वर्षांनी, १ जुलै १८५७ रोजी, त्यांच्याच फौजेतील शिपाई इंदूरच्या रेसिडेन्सीवर चालून गेले. महाराजांविषयीचा संशय इंग्रज अंमलदारांच्या मनातून पुढे बराच काळ गेला नाही.

ज्या सरकारचा आपल्यावर पुरता विश्वास नाही, त्याच सरकारला या पुरुषाने एक कोटी रुपये कर्जाऊ दिले! कारण उघड होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग खांडव्यावरून पुढे गेला होता. माळव्याचा कापूस आणि अफू मात्र गाड्यांतून घाट उतरत होती. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे, आणि मार्गासाठी संस्थानची जमीन विनामूल्य, असा करार ठरला. १८७० मध्ये काम सुरू झाले. १८७४ च्या डिसेंबरात खांडवा ते सनावद गाडी धावली, १८७६ मध्ये नर्मदेवरील पूल खुला झाला, आणि १८७८ पर्यंत आगगाडी इंदुरास पोहोचली. १८८६ मध्ये महाराज निवर्तले.

तुकोजीराव स्वप्नाळू नव्हते. व्याजाची पै न् पै त्यांना ठाऊक होती. मला विलक्षण वाटते ती त्या कराराची मुदत. ती भरायची होती १९७१ च्या आसपास. त्याआधीच, १९४७ मध्ये, ऋणकोचे राज्य गेले आणि १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होऊन धनकोची गादीही गेली. गाडी मात्र घाट चढत राहिली.

डिसेंबर २०१८ मध्ये पाताळपाणी ते कालाकुंड वारसा-गाडी सुरू झाली. २०२३ मध्ये, ब्रॉड गेजच्या कामासाठी, महूपासून खाली जाणारी नित्याची मीटर गेज वाहतूक थांबली. नवा मार्ग व्हायलाच हवा. तुकोजीरावांनीही हाच कौल दिला असता. इंदूरच्या जुन्या घरांतून वाडे, छत्र्या आणि स्वाऱ्यांच्या गोष्टी नातवंडांना सांगितल्या जातात. त्यांत या एक कोटीची गोष्टही असावी, एवढेच माझे मागणे आहे.