अल-जझरी : स्वतः करून पाहणारे उस्ताद

मे महिना आला की आमच्या एटापल्लीत तेंदूपत्त्याशिवाय दुसरा विषय नसतो. अशाच दिवसांत आमची एक माजी विद्यार्थिनी सुट्टीत घरी आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका प्रयोगशाळेत दोन महिने ड्रोनच्या नियंत्रणावर काम करायची संधी तिला मिळाली होती. वडिलांचे मोटारपंप दुरुस्तीचे दुकान. त्यांचा सवाल साधा होता. परीक्षा नाही, डिग्री नाही, मग मुलीला दोन महिने परगावी कशाला पाठवायचे? त्या संध्याकाळी चहा घेता घेता आम्ही त्यांना अल-जझरींची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

बदीउज्जमान इस्माईल अल-जझरी हे बाराव्या शतकातले. दजला आणि फुरात या दोन नद्यांच्या वरच्या भागाला अरबीत अल-जझीरा म्हणतात, त्यावरून त्यांचे नाव पडले. आज तुर्कस्तानात असलेले दियारबकीर शहर तेव्हा आमिद या नावानेही ओळखले जाई. तिथे अर्तुकी घराण्याचे राज्य होते. अल-जझरी त्यांच्या दरबारात कारागीर म्हणून लागले. आधी वडील, मग थोरला मुलगा, मग धाकटा नासिरुद्दीन महमूद अशा तीन सुलतानांकडे त्यांनी काम केले. 25 वर्षे सेवा झाल्यावर नासिरुद्दीनने त्यांना सांगितले, की जे बनवले ते लिहून ठेवा, नाहीतर तुमच्याबरोबर सगळे जाईल. त्यातून 50 यंत्रांचे सचित्र पुस्तक तयार झाले. ते 1206 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी अल-जझरी वारले.

त्यांचे हत्तीचे घड्याळ अनेकांनी चित्रात पाहिले असेल. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आणि तिच्यात तरंगणारे एक भांडे. भांड्याच्या तळाला बारीक छिद्र. अर्ध्या तासात भांडे भरून बुडायचे आणि बुडताना दोरी ओढायचे. दोरीमुळे वरून एक गोळा सुटून सापाच्या तोंडात पडायचा. त्या वजनाने साप खाली झुकायचा आणि झुकता झुकता बुडालेले भांडे पुन्हा वर आणायचा. गोळा खाली पडून आवाज झाला की साप आपल्या जागी परत. वरचे गोळे संपेपर्यंत माणसाने हात लावायची गरज नाही. स्वयंचलित यंत्र म्हणतात ते हेच.

सुलतानाला वुजूसाठी नोकराने हातावर पाणी घातलेले आवडत नसे. म्हणून अल-जझरींनी पाणी घालणारा आणि नंतर रुमाल पुढे करणारा यांत्रिक सेवक बनवला. पाणचक्कीवर चालणारा, दोन सिलिंडरचा, पाणी खेचून वर चढवणारा पंपही त्यांच्या पुस्तकात आहे. पंपाचे नाव निघाले तसे मुलीचे वडील सरसावून बसले.

पण आम्हाला मोठी वाटते ती त्यांची पद्धत. त्या काळी दिवस उन्हाळ्याचा असो की हिवाळ्याचा, त्याचे बारा तासच मानत. म्हणजे उन्हाळ्यात तास लांब, हिवाळ्यात आखूड. घड्याळाचे पाणी रोज वेगळ्या गतीने सोडावे लागे. त्यासाठी जुन्या लोकांनी आखून दिलेली मापे अल-जझरींनी यंत्रावर लावून पाहिली, तर ती चुकीची निघाली. मग त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा पाणी सोडून नवी मापे ठरवली. जे करून पाहिले नाही ते बरोबर की चूक हे सांगता येत नाही, अशी त्यांची धारणा होती.

पाण्याची धार सारखी राहावी म्हणून ते तरंगणारी झडप वापरत. पाणी वाढले की झडप बंद, कमी झाले की उघडी. हा शोध त्यांचा नव्हे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांकडेही तो होता. आपल्या घरच्या टाकीतला बॉल कॉक याच तत्त्वावर चालतो. ड्रोनचेही तसेच. वाऱ्याने तो कलला की सेन्सर किती कलला ते मोजतो, आतला छोटा संगणक चूक काढतो आणि पंख्यांचा वेग कमी-जास्त करतो. ही चूक किती लवकर आणि किती बेताने सुधारायची, हे पुस्तकातल्या सूत्रावरून अर्धेच कळते. बाकीचे ड्रोन दहादा पाडून कळते. उन्हाळी संशोधनात मुले हेच शिकतात.

आपल्या महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वयम् नावाचा सुमारे एक किलोचा उपग्रह बनवला. 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही सी-34 ने तो श्रीहरिकोटाहून सोडला. अवकाशात त्याची दिशा सांभाळायला मोटार नाही की इंधन नाही. आत बसवलेले चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने ते काम करणार, अशी त्याची रचना. ही पदवीचीच मुले होती.

आमच्या रस्त्याने सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक दिवसरात्र जातात. मोठमोठी यंत्रे आमची मुले रोज पाहतात, उद्या चालवतीलही. पण ती घडवणार कोण? अल-जझरींचे नाव अभिमानाने घेणे सोपे आहे. त्यांच्यासारखे मोजून, चुकून, पुन्हा करून पाहायला वेळ लागतो आणि तो वेळ घरच्यांनी द्यावा लागतो.

मुलीचे वडील बराच वेळ गप्प होते. बॉल कॉक तर आपण रोजच बसवतो, एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरच्या गाडीची चौकशी केली. मुलगी गेली.

ज्यांची मुले विज्ञान किंवा अभियांत्रिकीला आहेत, त्या पालकांना एक सांगणे आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनाची फेलोशिप देतात, आयआयटीसारख्या संस्थाही अशी संधी देतात. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. दिवाळीच्या सुट्टीतच मुलांना त्याबद्दल विचारा.