दातांची साक्ष

घोडा विकत घेणारा जाणकार माणूस आधी त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दात पाहून त्याला घोड्याचे वय समजते. पण जो घोडा लाखो वर्षांपूर्वी मेला आणि ज्याचे दात दगड होऊन जमिनीत गाडले गेले, तो काय खात होता, हे कसे समजणार? ते दातच सांगतात. दातांची ही भाषा ज्यांनी प्रथम नीट वाचली, त्यांत व्लादिमीर कोवालेव्हस्की यांचे नाव मानाने घेतले जाते.

व्लादिमीर यांचा जन्म १८४२ साली रशियन साम्राज्यात झाला. त्यांचे थोरले भाऊ अलेक्झांडर हे पुढे प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ झाले. व्लादिमीर मात्र सेंट पीटर्सबर्ग येथे कायदा शिकले. १८६१ साली शिक्षण संपले. पण त्यांचे मन कायद्यात रमले नाही. त्यांनी विज्ञानाची पुस्तके रशियन भाषेत छापण्याचा उद्योग सुरू केला. चार्ल्स डार्विन यांच्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथाचे त्यांनी भाषांतर केले. डार्विन त्यांना छपाईची कच्ची पाने पाठवत. त्यामुळे या ग्रंथाचे पहिले भाग मूळ इंग्रजी ग्रंथाच्या आधी, १८६७ साली, रशियन भाषेत प्रसिद्ध झाले!

त्या काळी रशियात मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. वडिलांच्या किंवा पतीच्या परवानगीशिवाय त्यांना परदेशीही जाता येत नसे. सोफिया नावाच्या हुशार मुलीला गणित शिकायचे होते. तिला बाहेर पडता यावे, म्हणून १८६८ साली व्लादिमीर यांनी तिच्याशी विवाह केला. १८६९ साली दोघेही शिकण्यासाठी जर्मनीत गेले. सोफिया पुढे जगप्रसिद्ध गणितज्ञ झाल्या.

परदेशात व्लादिमीर यांना जीवाश्मांचे वेड लागले. युरोपातील संग्रहालयांत बसून ते जुनी हाडे आणि दात तासन्तास न्याहाळत. फ्रान्समध्ये सापडलेल्या अँकिथेरियम या प्राचीन घोड्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्या वेळी बहुतेक अभ्यासक हाडांचे मोजमाप घेत, वर्णन लिहीत आणि नाव देत. व्लादिमीर यांनी एक पाऊल पुढे टाकले. हा अवयव असाच का घडला आणि त्याचा प्राण्याला काय उपयोग होता, हे ते शोधू लागले.

अँकिथेरियमच्या पायाला तीन बोटे होती. त्याच्या दाढा बुटक्या होत्या. अशा दाढा झाडाझुडपांची कोवळी पाने चावण्यास पुरेशा असतात. नंतरच्या घोड्यांच्या दाढा मात्र उंच झाल्या. याचे कारण गवतात आहे. गवतात वाळूसारखे कठीण, अतिशय बारीक कण असतात. शिवाय जमिनीलगत चरताना मातीही तोंडात जाते. त्यामुळे दात लवकर झिजतात. दाढ उंच असली, तर ती अनेक वर्षे पुरते. जात्याचा दगड गुळगुळीत झाला, की त्याला टाकी लावावी लागते. घोड्याच्या दाढेला ती गरज नाही. तिच्यातील कठीण कडा कमी झिजतात आणि मऊ भाग जास्त झिजतो. म्हणून ती आपोआप खरबरीत राहते. दात बदलत गेले, तसे पायही बदलले. मोकळ्या माळावर धावण्यासाठी अखेर एकच खूर उरला.

१८७२ साली व्लादिमीर यांना जर्मनीतील येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. घोड्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. पण मायदेशी परतल्यावर त्यांना मनासारखे काम लवकर मिळाले नाही. ते घरे बांधण्याच्या व्यवसायात शिरले आणि कर्जात बुडाले. पुढे एका तेल कंपनीशी संबंध आला. तेथेही अपयश आले. मॉस्को विद्यापीठात अध्यापनाची संधी मिळाली, पण तोवर ते पार खचून गेले होते. १८८३ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचा दुःखद अंत झाला.

अमेरिकेत सापडलेल्या जीवाश्मांमुळे पुढे घोड्यांची वंशावळ बदलली. घोड्यांचा मुख्य वंश उत्तर अमेरिकेत वाढला आणि अँकिथेरियम ही त्याची एक बाजूची शाखा होती, हे सिद्ध झाले. दातांची गोष्टही वाटली तेवढी सोपी निघाली नाही. १९९९ साली शास्त्रज्ञांनी फ्लोरिडातील सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच्या सहा जातींच्या घोड्यांचे दात तपासले. त्यांनी दातांवरील सूक्ष्म ओरखडे पाहिले, दातांतील कार्बनही मोजला. तेव्हा असे दिसले, की उंच दाढांचे सगळेच घोडे केवळ गवत खात नव्हते. काही झाडपालाही खात होते.

अशा प्रकारे व्लादिमीर यांची काही उत्तरे बदलली. पण दात पाहून प्राण्याचे जगणे ओळखण्याची त्यांनी दाखवलेली वाट आजही शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. संशोधनाला त्यांनी आयुष्यातील थोडीच वर्षे दिली. त्याच वर्षांनी त्यांचे नाव जिवंत ठेवले.